सत्तेतल्या घराण्याची पायी फेरी : अथेन्समधील एका मार्गदर्शित सहलीचे परीक्षण

अथेन्समध्ये प्राचीन अवशेष दाखवणाऱ्या मार्गदर्शकांची वानवा नाही. अक्रोपोलिसच्या पायथ्याशी थोडा वेळ उभे राहिले, की कोणी ना कोणी हातात छत्री उंच धरून पेरिक्लीसविषयी बोलत पुढे जाताना दिसतो. आधुनिक ग्रीसच्या राजकारणावर, त्यातही एका सत्तारूढ पंतप्रधानाच्या कारकिर्दीवर, फेरी काढणारे मात्र विरळाच. त्यामुळे एका छोट्या स्थानिक संस्थेने ठेवलेली, ग्रीसचे पंतप्रधान किरियाकोस मित्सोताकिस आणि त्यांचे राजकीय घराणे या विषयावरची तीन तासांची पायी फेरी मी मुद्दाम निवडली. काका-पुतण्या, बाप-लेक आणि बहीण-भाऊ यांच्या राजकारणाच्या बातम्या वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही; परक्या आहेत त्या फक्त तिथल्या निवडणुकीच्या रीती आणि तिथल्या जुन्या जखमा. त्या समजावून देण्याचे काम ही फेरी बऱ्याच अंशी चोख करते. जिथे करत नाही, तिथे ती चुकून घसरत नाही, जाणूनबुजून पाय उचलते, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

व्यवस्थेपुरते सांगायचे तर माणशी २५ युरो, दहाजणांपेक्षा मोठा गट नाही, भाषा इंग्रजी आणि सुरुवात सकाळी नऊला. मार्गदर्शक पूर्वी संसदेचे वार्तांकन केलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या बाई होत्या. आवाज खणखणीत असल्यामुळे स्टाडिऊ रस्त्यावरच्या रहदारीतही त्यांचे शब्द नीट ऐकू येत होते. सुरुवातीलाच प्रत्येकाच्या हाती त्यांनी एक लॅमिनेट केलेला मोठा कागद दिला. त्यावर वंशावळ छापलेली होती आणि जे पंतप्रधान झाले त्यांची नावे लाल रंगात, जे मंत्री झाले त्यांची निळ्या रंगात आणि महापौरांची हिरव्या रंगात होती. लाल नावे चार निघतात : एलेफ्थेरिओस वेनिझेलोस, त्यांचे पुत्र सोफोक्लीस वेनिझेलोस, कॉन्स्टान्टिनोस मित्सोताकिस आणि त्यांचे पुत्र किरियाकोस. किरियाकोस यांच्या बहीण डोरा बाकोयानिस यांच्या नावाचा अर्धा भाग निळा आणि अर्धा हिरवा आहे. वेनिझेलोस आणि मित्सोताकिस या दोन फांद्यांना जोडणारी रेघ एका बाईच्या नावावरून जाते. ती कातिगो, म्हणजे एलेफ्थेरिओस वेनिझेलोस यांची बहीण आणि आजच्या पंतप्रधानांची पणजी. तिच्या नावाला कोणताच रंग नाही. संपूर्ण फेरीत हा कागद हातात राहतो, आणि ग्रीक नावांच्या गुंत्यात तो खरोखर उपयोगी पडतो, कारण या घराण्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची प्रथा असल्याने कॉन्स्टान्टिनोस आणि किरियाकोस ही नावे पिढ्यांमागून पिढ्या आलटून पालटून येत राहतात.

पहिला थांबा जुन्या संसद भवनापुढचा, सेनापती कोलोकोत्रोनिस यांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळचा. आता या वास्तूत राष्ट्रीय ऐतिहासिक संग्रहालय आहे. याच इमारतीच्या पायऱ्यांवर १९०५ साली पंतप्रधान थिओडोरोस डेलियानिस यांचा खून झाला होता. आमच्या विषयाशी त्याचा फारसा संबंध नाही, पण मार्गदर्शक बाईंना तो सांगण्याचा मोह आवरला नाही आणि ऐकणाऱ्यांनाही तो आवडला. मुद्द्याची गोष्ट त्यानंतर आली. क्रीट बेटावरून आलेल्या वेनिझेलोस यांनी १९१० साली पंतप्रधानपद घेतले आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत ग्रीसचा नकाशाच बदलून टाकला, हे बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते, कारण २००१ साली सुरू झालेल्या अथेन्सच्या विमानतळाला त्यांचेच नाव आहे. त्यांच्या बहिणीचे लग्न क्रीटमधल्याच कोस्तिस मित्सोताकिस यांच्याशी झाले आणि मेहुण्याचे राजकारण हेच त्या घराचे राजकारण झाले.

येथे बाईंनी एक गोष्ट फार चांगली समजावली, आणि केवळ तेवढ्यासाठीही ही फेरी करावी असे मला वाटते. ग्रीसमध्ये मतदार आपल्या पक्षाची यादी उचलतो आणि त्या यादीतल्या आवडत्या उमेदवारांच्या नावापुढे फुली मारतो. पक्षाला जागा किती मिळाल्या ते एकूण मतांवरून ठरते, पण त्या जागांवर बसायचे कोणी, ते बहुतांशी या फुल्यांवरून ठरते. म्हणजे उमेदवाराची खरी झुंज विरोधी पक्षाशी असते त्याहून अधिक स्वतःच्या पक्षातल्या शेजारच्या नावाशी असते. लांबलचक यादीत ओळखीचे आडनाव दिसले, की पेन तिथे थांबते. शिवाय आजोबांनी ज्याच्या आजोबांना नोकरीला लावले, ते कुटुंब नातवाला विसरत नाही. पापांद्रेऊ घराण्याच्या तीन पिढ्यांनी तीन पंतप्रधान दिले, कारामानलिस घराण्यातून काका आणि पुतण्या असे दोन झाले, त्यामागे ही फुलीची रीत आणि हे उपकारांचे जाळे दोन्ही आहेत. घराणेशाहीवर नुसता संताप व्यक्त करणे सोपे असते; ती कोणत्या यंत्रणेतून टिकते ते दाखवणे कष्टाचे असते, आणि बाईंनी ते पुतळ्याच्या सावलीत उभे राहून दहा मिनिटांत केले.

त्यानंतर वडिलांची कथा आली आणि ती लांबली. लांबली ते योग्यच, कारण कॉन्स्टान्टिनोस मित्सोताकिस हे ग्रीक राजकारणातले अजूनही भांडण पेटवणारे नाव आहे. १९१८ साली क्रीटमधल्या हानियामध्ये जन्मलेला, जर्मन ताब्यातल्या क्रीटमध्ये प्रतिकारात भाग घेतलेला आणि १९४६ साली लिबरल पक्षातर्फे संसदेत पोहोचलेला हा माणूस १९६५ च्या उन्हाळ्यात योर्गोस पापांद्रेऊ यांची साथ सोडून बाहेर पडला. राजा दुसरा कॉन्स्टान्टिनोस याच्याशी झालेल्या वादातून पापांद्रेऊ यांनी १५ जुलैला पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला होता आणि त्यांच्या सेंटर युनियन पक्षातून फुटलेल्या खासदारांच्या बळावर राजाने नवी सरकारे उभी केली. त्यांपैकी स्टेफानोपूलोस यांच्या सरकारात मित्सोताकिस मंत्री होते. फुटिरांचा शिक्का त्यांच्यावर बसला तो कायमचाच. त्या अस्थिरतेच्या पाठोपाठ २१ एप्रिल १९६७ रोजी लष्कराने सत्ता बळकावली, त्यामुळे हुकूमशाहीची वाट कोणी मोकळी केली, हा वाद आजही थांबलेला नाही. बाईंनी दोन्ही बाजू मांडल्या, मात्र आपली बाजू लपवली नाही. त्यांच्या मते दोष राजाचा अधिक होता. मार्गदर्शकाने आपले मत उघड सांगितले, की ऐकणाऱ्याला ते वजा करून घेता येते, म्हणून मला ते खटकले नाही.

किरियाकोस यांचा जन्म ४ मार्च १९६८ चा, म्हणजे वडील लष्करी राजवटीच्या नजरकैदेत असतानाचा. वडील त्याच वर्षी निसटून तुर्कस्तानमार्गे पॅरिसला गेले, काही महिन्यांनी कुटुंब तिथे पोहोचले आणि १९७४ साली राजवट कोसळल्यावर सारे परतले. तान्हेपणी भोगलेल्या या बंदिवासाचा उल्लेख किरियाकोस यांनी पुढे मुलाखतींमधून केला आणि विरोधकांनी त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल केली. वडील १९७८ साली न्यू डेमॉक्रसी या उजव्या पक्षात आले, १९८४ साली त्याचे अध्यक्ष आणि एप्रिल १९९० मध्ये पंतप्रधान झाले. पण संसदेतले बहुमत अगदी काठावरचे होते. शेजारच्या नव्या देशाच्या 'मॅसिडोनिया' या नावावरून परराष्ट्रमंत्री अँटोनिस समारास यांच्याशी बिनसले, १९९२ साली त्यांना मंत्रिपदावरून काढले, आणि समारास यांनी वेगळा पक्ष काढून १९९३ साली सरकारच पाडले. हे समारास पुढच्या कथेत पुन्हा पुन्हा येतात, म्हणून वाचकाने त्यांचे नाव लक्षात ठेवावे. बाईंनीही आम्हांला त्यांचे नाव कागदाच्या समासात लिहून घ्यायला लावले.

दुसरा थांबा ओमिरू रस्त्यावरचा. २६ सप्टेंबर १९८९ रोजी सकाळी येथे एका इमारतीच्या प्रवेशद्वारात पाव्लोस बाकोयानिस यांना '१७ नोव्हेंबर' या अतिरेकी संघटनेने गोळ्या घातल्या. ते पत्रकार होते, लष्करी राजवटीच्या काळात जर्मनीतून ग्रीक श्रोत्यांसाठी रेडिओवर बोलत असत, आणि खून झाला तेव्हा न्यू डेमॉक्रसीचे खासदार होते. डोरा या त्यांच्या पत्नी, म्हणजे किरियाकोस यांच्या थोरल्या बहीण. डोरा यांनी नंतर पतीची संसदेतली जागा लढवली, मंत्रिपदे भूषवली, अथेन्सच्या पहिल्या महिला महापौर झाल्या आणि २००६ ते २००९ परराष्ट्र खाते सांभाळले. घराण्यातून पुढचा पंतप्रधान होणार तर तो डोरा, असे तेव्हा सगळेच धरून चालले होते. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना हरवले ते पक्षात परतलेल्या समारास यांनीच. पुढच्या वर्षी, देश कर्जाच्या खाईत असताना, पक्षाचा आदेश मोडून त्यांनी पहिल्या मदत-कराराच्या बाजूने मत दिले आणि समारास यांनी त्यांना पक्षाबाहेर काढले. धाकटा भाऊ मात्र बहिणीमागे गेला नाही, तो पक्षातच राहिला. फेरीतला हा भाग मला सर्वांत जिवंत वाटला, कारण येथे बाईंनी घराणे म्हणजे एकसंध फौज नसते हे दाखवले : बहिणीने नवा पक्ष काढला, भाऊ जुन्या पक्षात थांबला, आणि वडील नव्वदी ओलांडून दोघांकडे पाहत होते. कागदावरच्या रेघा तेवढ्यावरून एकदम बोलू लागतात.

मग कोलोनाकीतल्या एका कॅफेत विसावा. फ्रेडो एस्प्रेसोचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, हे नोंदणी करताना स्पष्ट लिहिलेले असते. येथे किरियाकोस यांचे शिक्षण आणि नोकऱ्या सांगितल्या जातात : अथेन्स कॉलेज, मग हार्वर्ड, स्टॅनफर्ड, पुन्हा हार्वर्डची एमबीए, लंडनमध्ये चेस बँक आणि मॅकिन्झी, त्यानंतर अथेन्सला परतून नॅशनल बँकेच्या जोखीम-भांडवल कंपनीचे प्रमुखपद. हा भाग फेरीतला सर्वांत सपक. नोकरीच्या अर्जाला जोडलेली पदव्यांची यादी मोठ्याने वाचून दाखवावी तसे ते वाटले. खरे तर विचारण्याजोगा प्रश्न इथेच होता : ज्याच्या वडिलांनी पंतप्रधानपद भूषवले, त्याने दहाएक वर्षे बँकांत का काढली आणि २००४ साली, नेमके वडील संसदेतून निवृत्त होत असताना, निवडणुकीला उभे राहताना हानियाचा हक्काचा गड सोडून 'अथेन्स ब' हा तेव्हाचा देशातला सर्वांत मोठा मतदारसंघ का निवडला? आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, हा आरोप टाळण्यासाठी की महानगरातल्या शिकलेल्या मध्यमवर्गात आपला स्वतंत्र मतदार घडवण्यासाठी? आमच्या गटातल्या एका डच गृहस्थांनी हा प्रश्न विचारलाही, पण कॉफी संपली होती आणि उत्तर रस्त्यात विरून गेले.

पुढची कथा चालता चालता सांगितली जाते, आणि चालण्याचा वेग कथेच्या वेगाला शोभतो. २०१३ च्या जूनमध्ये किरियाकोस मंत्री झाले ते पंतप्रधान समारास यांच्याच सरकारात. वडिलांचे सरकार पाडणाऱ्या आणि बहिणीला पक्षाबाहेर काढणाऱ्या माणसाने दिलेले खाते होते प्रशासकीय सुधारणांचे, म्हणजे धनकोंच्या अटींनुसार सरकारी नोकऱ्या कमी करण्याचे. कोणीही हौसेने घ्यावे असे ते खाते नव्हते. त्यांनी ते हट्टाने चालवले आणि त्यातूनच कडक, हिशेबी सुधारकाची प्रतिमा त्यांना चिकटली. २०१५ च्या आरंभी सत्ता डाव्या सिरिझा पक्षाच्या अलेक्सिस सिप्रास यांच्याकडे गेली. राष्ट्राध्यक्षपदासाठी सिप्रास यांनी न्यू डेमॉक्रसीच्याच प्रोकोपिस पाव्लोपूलोस यांचे नाव पुढे केले, तेव्हा पक्षाची भूमिका मोडून किरियाकोस यांनी त्यांना मत दिले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस पक्षाध्यक्षपदाची निवडणूक आली. २२ नोव्हेंबरचे मतदान संगणकप्रणाली कोलमडल्यामुळे रद्दच करावे लागले. पुन्हा मतदान झाले २० डिसेंबरला, आणि पहिल्या फेरीत वँगेलिस मेइमाराकिस सुमारे ४० टक्के मतांनी पुढे होते, किरियाकोस यांना साडेअठ्ठावीसच्या आसपास मते होती. पक्षातले जुने, कारामानलिस गटाचे वजनदार लोक मेइमाराकिस यांच्याकडे होते. तरीही १० जानेवारी २०१६ रोजी दुसऱ्या फेरीत किरियाकोस ५२ टक्क्यांहून अधिक मते घेऊन जिंकले. वडील तेव्हा ९७ वर्षांचे होते. मुलगा पक्षाध्यक्ष झालेला त्यांनी पाहिला, पंतप्रधान झालेला मात्र नाही, कारण मे २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. कर्जात बुडालेल्या पक्षाचे कार्यालय किरियाकोस यांनी २०१६ सालीच सिंग्रू मार्गावरच्या महागड्या इमारतीतून मोस्खातो या उपनगरात हलवले, हा तपशील बाईंनी जाता जाता दिला. माझ्या मते त्या माणसाचा स्वभाव हार्वर्डच्या पदव्यांपेक्षा त्यातून अधिक कळतो.

इरोदू आतिकू हा उंच झाडांचा, शांत आणि पहारेकऱ्यांचा रस्ता. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आणि पंतप्रधानांचे कार्यालय असलेले मॅक्सिमोस मॅन्शन येथे शेजारी शेजारी आहेत. दिमित्रिओस मॅक्सिमोस हे बँकेतून राजकारणात आलेले आणि १९४७ साली काही महिने पंतप्रधान असलेले गृहस्थ; त्यांच्या नावाने ओळखले जाणारे हे घर १९८२ पासून पंतप्रधानांचे कार्यालय आहे. समोर फार वेळ रेंगाळू देत नाहीत, म्हणून पलीकडच्या बाजूला बागेच्या कुंपणाला टेकून आम्ही ऐकत होतो. ७ जुलै २०१९ ची निवडणूक न्यू डेमॉक्रसीने ३९.८५ टक्के मते आणि ३०० पैकी १५८ जागा मिळवून जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी किरियाकोस यांचा शपथविधी झाला. सरकारचे बहुतेक दाखले आणि अर्ज एका संकेतस्थळावर आणणारी सेवा मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन तोंडावर, सुरू झाली. त्यासाठी पूर्वी सरकारी कचेऱ्यांतून शिक्क्यांमागे कसे हिंडावे लागे, याचे बाईंनी असे वर्णन केले की गटातले सगळे हसले. त्यात अतिशयोक्ती नसावी. सरकारवर टीका करणारे ग्रीकही हे श्रेय नाकारत नाहीत.

येथवर सर्व उत्तम होते. पण याच कुंपणाजवळ जे सांगायला हवे होते त्यावर बाईंनी दोन मिनिटे खर्च केली, आणि ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार मला आवडला नाही. सत्तेवर येताच केलेल्या पहिल्या निर्णयांपैकी एक म्हणजे देशाची गुप्तचर सेवा थेट पंतप्रधान कार्यालयाच्या अखत्यारीत आणणे. २०२२ च्या उन्हाळ्यात उघड झाले, की समाजवादी पासोक पक्षाचे नेते निकोस आंद्रुलाकिस यांचा दूरध्वनी ते पक्षाध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना या सेवेने ऐकला होता, शिवाय 'प्रिडेटर' नावाच्या हेरगिरीच्या प्रणालीने त्यांचा मोबाइल बाधित करण्याचा वेगळा प्रयत्नही झाला होता. ५ ऑगस्टला गुप्तचर प्रमुख पानायोटिस कोंडोलेऑन यांनी आणि पंतप्रधान कार्यालयाचे सरचिटणीस ग्रिगोरिस दिमित्रिआदिस यांनी पद सोडले. दिमित्रिआदिस हे किरियाकोस यांचे सख्खे भाचे. पाळत कायदेशीर होती पण व्हायला नको होती, अशी भूमिका पंतप्रधानांनी घेतली. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी सरकारी यंत्रणेचा प्रिडेटरशी संबंध नसल्याचा निष्कर्ष काढला, पण विरोधकांचे आणि अनेक पत्रकारांचे त्याने समाधान झालेले नाही.

घराण्यावरची फेरी असेल, तर तिचा गाभा हाच असायला हवा. फुल्यांमुळे आडनावाला मते मिळतात हे पहिल्या थांब्यावर सांगितले. मग सत्ता आल्यावर सर्वांत नाजूक खुर्चीवर भाचा कसा बसतो, हे या थांब्यावर सांगायला नको का? लॅमिनेट केलेल्या कागदावर दिमित्रिआदिस यांचे नावच नाही. तिथे २०१९ ते २०२३ अथेन्सचे महापौर असलेल्या डोरा यांच्या मुलाचे, कोस्तास बाकोयानिस यांचे नाव हिरव्या रंगात आहे, पण पंतप्रधानांच्या दारात बसलेला भाचा गायब आहे. मी विचारले तेव्हा बाईंनी, 'ते निवडून आलेले नाहीत, म्हणून कागदावर नाहीत,' असे उत्तर दिले. नियम म्हणून ते ठीक आहे. पण मग पणजी कातिगो कोणत्या निवडणुकीत निवडून आली होती?

राष्ट्रीय उद्यानातून जाणारी वाट सुखद आहे आणि तेवढ्यात निवडणुकांचे आकडे उरकले जातात. २१ मे २०२३ ची निवडणूक निव्वळ प्रमाणशीर पद्धतीने झाल्यामुळे ४०.७९ टक्के मते मिळूनही जागा १४६ च आल्या. आघाडी करण्याऐवजी किरियाकोस यांनी पुन्हा निवडणूक होऊ दिली, आणि २५ जूनला पहिल्या पक्षाला जादा जागा देणाऱ्या पद्धतीत ४०.५६ टक्क्यांवर १५८ जागा मिळाल्या. मते किंचित घटली आणि जागा बारा वाढल्या. हे गणित बाईंनी बाकावर बसून कागदाच्या मागच्या बाजूला सोडवून दाखवले.

बागेतून बाहेर पडले की सिंटाग्मा चौक. संसद आज ज्या पिवळसर इमारतीत आहे ती मुळात पहिला राजा ओथॉन याच्यासाठी बांधलेला राजवाडा. समोर अज्ञात सैनिकाचे स्मारक, पहाऱ्यावर झगेदार गणवेशातले एव्झोन सैनिक, आणि त्यांच्या पावलांचे चित्रीकरण करणारे पर्यटक. पण बाईंनी आम्हांला स्मारकापुढच्या फरशीकडे पाहायला सांगितले. तिथे लाल रंगाने नावे लिहिलेली आहेत. २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री टेंपीजवळ अथेन्सहून थेसालोनिकीला निघालेली प्रवासी गाडी आणि समोरून येणारी मालगाडी एकाच रुळावर येऊन धडकल्या आणि ५७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. गाड्यांवर दुरून लक्ष ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा वर्षानुवर्षे रखडलेली होती. परिवहनमंत्र्यांनी काही दिवस आधीच संसदेत रेल्वेच्या सुरक्षिततेविषयीच्या शंका झिडकारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे नाव कोस्तास कारामानलिस, आणि आधुनिक ग्रीक लोकशाहीचे शिल्पकार मानले जाणारे कॉन्स्टान्टिनोस कारामानलिस हे त्यांचे काका. त्याच वर्षीच्या निवडणुकीत सेरेसमधून, म्हणजे घराण्याच्या मूळ गावच्या मतदारसंघातून, ते पुन्हा निवडून आले.

येथे बाईंनी कसर भरून काढली. सेरेसमधल्या फुल्यांचा संबंध त्यांनी थेट पहिल्या थांब्यावरच्या विवेचनाशी जोडला, अपघाताच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, २०२५ साली, याच चौकात लोटलेल्या प्रचंड गर्दीबद्दल सांगितले, आणि स्वतः त्या गर्दीत होत्या हेही लपवले नाही. २०२५ मध्येच युरोपीय शेती-अनुदानांतला घोटाळा बाहेर आला, त्यातली अनेक प्रकरणे क्रीटमधली निघाली आणि मंत्र्यांना जावे लागले, हे गटातल्या एका प्रश्नाच्या निमित्ताने आले. घराण्याच्या मुळाचे बेट आणि सरकारची नामुष्की येथे एकत्र येतात, तेव्हा हा विषय प्रश्नावर अवलंबून न ठेवता फेरीत कायमचा घ्यायला हवा.

समारास यांचा शेवटचा प्रवेशही चौकातच होतो. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी किरियाकोस यांनी समलिंगी विवाहाला मान्यता देणारा कायदा १७६ मतांनी संमत करून घेतला. ऑर्थोडॉक्स बहुसंख्य असलेल्या देशांत असा कायदा करणारा ग्रीस पहिला. स्वतःच्या पक्षातले कितीतरी खासदार सोबत आले नाहीत आणि विरोधाचा सर्वांत चढा आवाज समारास यांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारच्या तुर्कस्तानविषयक धोरणावर जाहीर टीका केल्यावर किरियाकोस यांनी त्यांना पक्षातून काढून टाकले. बापाने मंत्रिपदावरून काढले, मुलाने पक्षातून. कागदाच्या समासात लिहून घेतलेल्या नावाचे प्रयोजन आता कळते, आणि गोष्ट सांगण्याची ही हातोटी दाद देण्यासारखी आहे.

पाचपैकी साडेतीन गुण मी देईन. वडिलांच्या काळासाठी, ओमिरू रस्त्यासाठी आणि मतदानपद्धतीच्या उलगड्यासाठी पूर्ण गुण. कॅफेतल्या पदव्यांसाठी जवळजवळ शून्य. मॅक्सिमोस मॅन्शनपुढच्या घाईसाठी अर्धा गुण मी मुद्दाम कापला आहे. भारताशी असलेल्या संबंधांचा उल्लेख आला नाही, पण विचारले असता बाईंना ऑगस्ट २०२३ मधली नरेंद्र मोदी यांची अथेन्स भेट आणि फेब्रुवारी २०२४ मधला किरियाकोस यांचा भारत दौरा, ज्याच्या कार्यक्रमात दिल्लीबरोबर मुंबईही होती, दोन्ही ठाऊक होते. २५ युरो ही रक्कम थोडी नाही. ज्यांना ग्रीसमध्ये केवळ संगमरवर आणि समुद्र पाहायचा आहे त्यांनी ती खर्च करू नये. ज्यांना निवडणुकांच्या गप्पांत रस आहे त्यांना ती वसूल झाल्यासारखी वाटेल.

जाणाऱ्यांनी जुलै-ऑगस्ट टाळावे, कारण स्टाडिऊ ते कोलोनाकी हा चढ आहे आणि सावली थेट बागेतच मिळते. नोंदणी रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट फार अडचणीची आहे. तीन दिवस आधी कळवले तरच निम्मी रक्कम परत देतात, म्हणून तारीख नक्की झाल्यावरच पैसे भरावेत. गटात प्रश्न विचारणारे दोघे-तिघे असले तर फेरी रंगते, तेव्हा शक्य असल्यास ओळखीच्या तिघाचौघांनी मिळून जावे आणि इरोदू आतिकू रस्त्यावर कुंपणाला टेकल्यावर भाच्याविषयी आठवणीने विचारावे.